थांबलेले चाक
डोंगरउतारावरच्या सायकल शर्यतीची छायाचित्रे कशी वाचावीत?

आमच्या शिक्षक-खोलीत एका दिनदर्शिकेचे पान बरेच महिने लटकत होते. डोंगरातली वाट, मागे धूसर झाडी, आणि जमिनीपासून पुरुषभर उंचीवर हवेत असलेला एक सायकलस्वार. चित्र इतके स्पष्ट की चाकाची एकेक तार मोजून घ्यावी. 'गती' हा धडा शिकवताना ते पान मी नववीच्या वर्गात नेले आणि मोठ्या उत्साहाने म्हणालो, "बघा, वेग म्हणजे काय ते!" मागच्या बाकावरच्या एका मुलीने शांतपणे विचारले, "सर, ही सायकल चालतेय हे कशावरून? दोरीने टांगून फोटो काढला असता तर तो असाच दिसला नसता का?"

वर्ग हसला. मीही हसलो. पण उत्तर काही सुचेना. चाकाच्या तारा जशा उभ्या सायकलीच्या दिसतात तशाच दिसत होत्या. स्वाराचे कपडेही फारसे फडफडत नव्हते. ज्या चित्राला मी वेगाचा पुरावा म्हणत होतो, त्यात वेगाची एकही खूण नव्हती. सायकल धावते आहे हे मला चित्राने सांगितले नव्हते. ते मी आधीच गृहीत धरले होते.

त्या प्रश्नानंतर मी अशी छायाचित्रे निराळ्या नजरेने पाहू लागलो. कोणते चित्र सुंदर, हा प्रश्न रसिकांसाठी. आपण विज्ञानशिक्षकांनी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे चित्र नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि कोणता प्रश्न लपवते? या कसोटीवर सायकल शर्यतींची छायाचित्रे तपासली, तर खूप वाखाणलेली काही चित्रे फिकी ठरतात आणि काही साधीसुधी चित्रे मोलाची ठरतात. हा लेख त्याच तपासणीचा आहे.

रिपॅकची उतरण

सुरुवात या खेळाच्या उगमापासून करू. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मरीन परगण्यात फेअरफॅक्स नावाचे गाव आहे. तिथल्या डोंगरातून वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेले कच्चे रस्ते जातात. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी अशाच एका रस्त्यावर काही तरुणांनी घड्याळ लावून उतारावरची शर्यत घेतली. चार्ली केली संयोजन करीत. जो ब्रीझ, गॅरी फिशर हे गाजलेले स्पर्धक. सायकली म्हणजे जुन्या, जड, जाड टायरच्या. त्यांचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे आणि पेडल उलटे दाबले की लागे. सुमारे दोन मैलांत वाट १३०० फूट खाली उतरे. म्हणजे साधारण आठ फूट पुढे गेले की एक फूट खाली.

या शर्यतीचे नाव 'रिपॅक' कसे पडले, हा भौतिकशास्त्राचाच किस्सा आहे. उतरताना ब्रेक इतका तापे की हबमधले ग्रीस जळून धूर निघे. खाली पोचल्यावर हब उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे, म्हणून 'रिपॅक'. हिशेब करून पाहू. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरा आणि उतार ४०० मीटर. वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार येतो सुमारे ३,५०,००० ज्यूल. एक लीटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. खाली पोचून सायकल थांबते तेव्हा ही सगळी ऊर्जा हवा, टायर, माती आणि ब्रेक यांच्यात वाटली गेलेली असते. मुठीत मावणाऱ्या हबच्या वाट्याला त्यातला काही भाग आला, तरी ग्रीस जळेल यात नवल नाही.

मात्र ही ऊर्जा कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. शर्यतीला जिने नाव दिले, ती गोष्टच चित्राबाहेर राहते. छायाचित्र प्रकाशाची नोंद करते, तापमानाची नाही, ही पहिली मर्यादा लक्षात ठेवू.

कॅमेरा कॉर्नर

वेंडी क्रॅग या स्वतः त्या डोंगरातून सायकल चालवणाऱ्या. त्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात या मंडळींची आणि शर्यतींची भरपूर छायाचित्रे काढली. हा खेळ जन्माला येताना कसा दिसत होता, हे आज आपल्याला प्रामुख्याने त्यांच्या चित्रांतून कळते. जीनच्या विजारी, जड बूट, कातडी हातमोजे, डोक्यावर बहुधा शिरस्त्राण नाही, आणि मागे उडालेला धुळीचा लोट.

त्या वाटेवर एक वळण आहे, त्याचे नावच 'कॅमेरा कॉर्नर' पडले. छायाचित्रे काढणारे तिथे उभे राहत. तिथेच का? वळण देखणे होते, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे गणितात आहे.

गॅरी फिशर यांची रिपॅकवरची सर्वोत्तम वेळ ४ मिनिटे २२ सेकंद अशी नोंदलेली आहे. दोन मैल म्हणजे ३२०० मीटर, त्याला २६२ सेकंदांनी भागले की सरासरी वेग येतो सेकंदाला सुमारे १२ मीटर, म्हणजे ताशी ४४ किलोमीटर. आता झडप १/२५० सेकंद उघडी राहिली असे समजा. तेवढ्या वेळात सायकल जवळजवळ ५ सेंटिमीटर पुढे जाते. छायाचित्रकार वाटेच्या बाजूला उभा असेल, तर ही ५ सेंटिमीटरची सरक जशीच्या तशी चित्रात उतरते आणि स्वाराचा चेहरा फासल्यासारखा होतो.

तोच छायाचित्रकार वळणाच्या बाहेरच्या कडेला उभा राहिला, तर सायकल सरळ त्याच्याकडे येते. आता तिची प्रतिमा बाजूला सरकत नाही, फक्त किंचित मोठी होते. सायकल १० मीटरवर असेल आणि ५ सेंटिमीटर जवळ आली, तर प्रतिमा अर्ध्या टक्क्याने वाढते. स्वाराच्या मध्यापासून कोपर ४० सेंटिमीटरवर असेल, तर कोपराची सरक फक्त २ मिलिमीटर. बाजूने जिथे ५ सेंटिमीटर, तिथे समोरून २ मिलिमीटर! शिवाय वळणावर स्वार वेग कमी करतो, त्यामुळे सरक आणखी घटते.

तेव्हा फिल्म आजच्याइतकी संवेदनक्षम नव्हती. एका रोलमध्ये ३६ चित्रे. स्वार एकामागून एक, सुटे सुटे येत. प्रत्येकाच्या वाट्याला एखादे, फार तर दोन चित्रे येणार. अशा वेळी चित्र नक्की येईल अशी जागा म्हणजे वळणाची बाहेरची कड. सायकल शर्यत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंगावर येणारा, एका बाजूला झुकलेला, मागे धूळ उडवणारा स्वार उभा राहतो. ही प्रतिमा या खेळाच्या स्वभावातून जेवढी आली, तेवढीच झडपेच्या आणि फिल्मच्या मर्यादेतून आली. सरळ वाटेवर स्वार याहून जोरात जात होते. पण तिथे कॅमेरा नव्हता, म्हणून तो वेग आपल्या आठवणीतही नाही.

असे असूनही, माझ्या मते, कॅमेरा कॉर्नरसारख्या वळणावरचे चित्र विज्ञानाच्या दृष्टीने फार श्रीमंत असते. त्यात वेग लपलेला असतो आणि तो मोजता येतो.

वळणावर सायकल आत झुकते. टायर टेकला आहे तो बिंदू आणि स्वार व सायकल यांचा मिळून गुरुत्वमध्य यांना जोडणारी रेषा काढा. ही रेषा उभ्या रेषेशी जो कोन करते, त्याचा टॅन्जंट म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या आणि गुरुत्व त्वरण यांचा गुणाकार. कोन ३३ अंश आणि वळणाची त्रिज्या १० मीटर असेल, तर वेग येतो सेकंदाला ८ मीटर. थांबलेल्या चित्रातून धावत्या सायकलीचा वेग! त्यासाठी चित्र समोरून काढलेले हवे, कारण बाजूने झुकाव दिसत नाही. उभी रेषा ठरवायला मागे सरळ वाढलेले झाड किंवा खांब हवा. आणि स्वाराचा पाय जमिनीला टेकलेला नको, कारण मग काही भार पायावर जातो आणि सूत्र चुकते.

हेच सूत्र आणखी एक गोष्ट सांगते. सपाट वळणावर ३३ अंश झुकायचे, तर घर्षणाने वजनाच्या ०.६५ पट बल आडवे पुरवायला हवे. सुक्या, सैल मातीवर ते मिळणे कठीण. मग चाक घसरते, पाय खाली येतो, धूळ उडते. धुळीचा तो लोट केवळ शोभेचा नाही. घर्षण कुठे कमी पडले, याची ती नोंद आहे. शिवाय धूळ हवेत काही सेकंद टिकते, म्हणून चित्रात आताचा स्वार असतो आणि त्याच्या मागे थोडा भूतकाळही असतो.

हजारावा भाग आणि उरलेला सेकंद

आता दिनदर्शिकेवरच्या त्या गोठलेल्या चित्राकडे वळू. झडप १/१००० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ उघडी असते, तेव्हा ताशी ४४ किलोमीटर वेगाची सायकलही जेमतेम १.२ सेंटिमीटर सरकते. २६ इंची चाक तेवढ्या वेळात फक्त दोन अंश फिरते. म्हणून तारा मोजता येतात, म्हणून चित्र नेत्रदीपक दिसते, आणि म्हणूनच गती नाहीशी होते.

या प्रश्नावरचा वाद शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. घोडा चौखूर उधळतो तेव्हा त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचललेले असतात का, याचा निकाल डोळ्यांनी लागत नव्हता. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने १२ कॅमेरे मांडले आणि घोडा पुढून जाताना त्यांच्या झडपा एकामागून एक उघडतील अशी व्यवस्था केली. चारही पाय खरोखरच अधांतरी सापडले. पण चित्रकार रंगवीत तसे पुढेमागे ताणलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ मध्ये रंगवलेले एप्समच्या शर्यतीतले ताणलेल्या पायांचे घोडे त्या अर्थाने 'चुकीचे' ठरले.

पण शिल्पकार रोदँ यांना हा निकाल मान्य नव्हता. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संवादात त्यांनी जेरिकोची बाजू घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: प्रत्यक्षात काळ कधीच थांबत नाही, म्हणून काळ थांबवणारे छायाचित्रच असत्य आहे. चित्रकार गतीच्या एकापाठोपाठ येणाऱ्या अवस्था एकाच आकृतीत आणतो, म्हणून त्याचे घोडे धावताना दिसतात.

यात बरोबर कोण? विज्ञानशिक्षकाने दोघांनाही थोडे ऐकावे. पाय कुठे होते, या प्रश्नाचे उत्तर मायब्रिज यांच्याकडे आहे. धावणे कसे दिसते, या प्रश्नाचे उत्तर रोदँ देऊ पाहतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यासाठी वापरले की गोंधळ होतो. नेमका तोच गोंधळ मी वर्गात केला होता.

आजचे कॅमेरे सेकंदाला २० चित्रे सहज घेतात. त्यामुळे आता काहीच निसटत नाही असे वाटते. पण प्रत्येक चित्र १/१००० सेकंदाचे असेल, तर वीस चित्रे मिळून सेकंदाचे फक्त २० हजारांश भाग नोंदले गेले, म्हणजे २ टक्के. उरलेल्या ९८ टक्के वेळात झडप बंदच होती. दोन चित्रांच्या मध्ये सायकल ६० सेंटिमीटर, जवळजवळ एका चाकाएवढी, पुढे गेलेली असते.

गंमत म्हणजे तो 'एक क्षण'सुद्धा खऱ्या अर्थाने एक क्षण नसतो. कापडी पडद्याच्या झडपेच्या जुन्या कॅमेऱ्यांत १/१००० सेकंदाला सगळी फिल्म एकाच वेळी उघडी होत नसे. एक अरुंद फट फिल्मवरून सरकत जाई. प्रत्येक ठिपक्याला प्रकाश मिळे १/१००० सेकंद, पण फट या टोकाकडून त्या टोकाला पोचायला सुमारे १/६० सेकंद लागे. तेवढ्यात सायकल २० सेंटिमीटर पुढे जाते.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फ्रेंच छायाचित्रकार लार्तीग यांचे १९१२-१३ च्या सुमाराचे मोटार शर्यतीचे चित्र. त्यात मोटारीचे चाक गोल नाही, पुढे कललेले लंबवर्तुळ आहे. आणि काठावरचे प्रेक्षक व खांब उलट्या दिशेला कललेले आहेत. कॅमेऱ्यातली फट चित्र आडव्या पट्ट्यांनी नोंदत होती, आणि चाकाचा वरचा भाग खालच्या भागानंतर नोंदला गेला. तोवर मोटार पुढे गेली होती, म्हणून चाक पुढे कलले. लार्तीग मोटारीच्या दिशेने कॅमेरा फिरवीत होते, म्हणून स्थिर प्रेक्षक मागे कलले. त्यांचे फिरवणे मोटारीपेक्षा कमी पडले, नाहीतर चाक गोलच आले असते. या 'चुकी'नेच ते चित्र वेगाचे प्रतीक ठरले. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लार्तीग यांचे प्रदर्शन झाल्यावर त्यांचे काम जगभर पोचले.

हाच प्रकार आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये घडतो. बहुतेक फोनचा संवेदक चित्र ओळीओळीने वाचतो. धावत्या सायकलीच्या चाकाचा फोटो घ्या, तारा वाकलेल्या दिसतील. तारा काही वाकलेल्या नसतात. वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यामधला वेळ वाकलेल्या तारांच्या रूपाने दिसतो.

फिरता कॅमेरा, स्थिर कॅमेरा

झडप मुद्दाम हळू ठेवून, समजा १/३० सेकंद, कॅमेरा सायकलीबरोबर फिरवला तर स्वार स्पष्ट येतो आणि मागची झाडी रेघांची होते. या पद्धतीला 'पॅनिंग' म्हणतात. ही चित्रे दिखाऊ असतात, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. या चित्रात वेगाची मोजपट्टी असते.

चाकाच्या अगदी शेजारी जमिनीवर पडलेला एखादा खडा शोधा. त्याची रेघ झालेली असेल. त्या रेघेची लांबी चाकाच्या व्यासाशी ताडून पाहा. २६ इंची चाकाचा व्यास सुमारे ६६ सेंटिमीटर असतो. रेघ व्यासाच्या तीनपंचमांश असेल, तर ती ४० सेंटिमीटर झाली. १/३० सेकंदात ४० सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला १२ मीटर. खडा आणि सायकल कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत, एवढी काळजी घ्यायची. दूरच्या झाडाची रेघ यासाठी चालणार नाही.

याच झडपेने कॅमेरा स्थिर ठेवून चित्र घेतले, तर आणखी एक सुंदर गोष्ट दिसते. चाकाच्या खालच्या तारा बऱ्याच स्पष्ट येतात आणि वरच्या पुसल्या जातात. घरंगळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, आस सायकलीच्या वेगाने जातो आणि सर्वांत वरचा बिंदू दुप्पट वेगाने. हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो, मुले पाठ करतात आणि मनातून त्यांचा त्यावर विश्वास बसत नाही. हळू झडपेचे एक धूसर चित्र तो विश्वास देते. स्पष्ट चित्राला जमत नाही ते धूसर चित्राला जमते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

उतार कुठे गेला?

आता दुसऱ्या डोंगरावर जाऊ. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमजवळ, ब्रिटनमधल्या सर्वांत उंच बेन नेव्हिस शिखराच्या शेजारी, आओनाख मोर नावाचा पर्वत आहे. २००२ पासून तिथे उतारावरच्या सायकलींच्या विश्वचषक शर्यती होऊ लागल्या. २००७ आणि २०२३ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही तिथेच झाली. वाट सुमारे २.८ किलोमीटर लांब आणि त्यात ५५५ मीटरचा उतार. पाच मीटर गेले की एक मीटर खाली. रिपॅकपेक्षा कितीतरी तीव्र. वरच्या भागात उघडा, खडकाळ माळ. मधे दाट झाडी, मुळे आणि चिखल. तळाला प्रेक्षकांनी भरलेले मैदान आणि त्यात मोठी उडी. पुरुषांतले अव्वल स्पर्धक ही वाट साडेचार मिनिटांच्या आसपास संपवतात.

या शर्यतीची चित्रे पाहिली की पहिली शंका येते, उतार कुठे आहे? वरच्या माळाच्या चित्रांत वाट जवळजवळ सपाट दिसते. प्रत्यक्ष पाहणारे आणि चालवणारे नेहमी सांगतात की छायाचित्रात उतार 'चपटा' होतो. याचे कारण कॅमेऱ्यात नाही, चौकटीत आहे. उतारावर उभे राहून खाली पाहताना आपण कॅमेराही खाली झुकवतो. क्षितिज चौकटीबाहेर गेले की पाहणाऱ्याजवळ आडवे म्हणजे काय हे ठरवायला काहीच उरत नाही. मग चौकटीची खालची कड हीच त्याची जमीन होते. कॅमेरा जेवढा झुकला तेवढा उतार चित्रातून वजा होतो. प्रत्यक्ष जागी उभे असताना आपली मान, पावले आणि अंतर्कर्ण खाली-वरची दिशा सतत सांगत असतात. चित्र पाहणारा खुर्चीत बसलेला असतो. त्याच्या अंतर्कर्णाला उताराची काही खबर नसते.

यावर दोन उपाय आहेत, एक प्रामाणिक आणि एक लबाड. प्रामाणिक उपाय असा की चौकटीत सरळ वाढलेली झाडे, खांब, तंबू किंवा पाण्याची पातळी येऊ द्यावी. झाड हा निसर्गाचा ओळंबा आहे. त्याच्या खोडाशी वाटेने केलेला कोन पाहणाऱ्याला उतार सांगतो. लबाड उपाय असा की कॅमेराच तिरका धरावा. मग दहा अंशांचा उतार तीस अंशांचा दिसतो. हे ओळखणे सोपे आहे: झाडे कलली आहेत का ते पाहा. सगळी झाडे एकाच बाजूला तितकीच कललेली असतील, तर कलला आहे तो कॅमेरा.

उडीच्या उंचीचेही असेच. कॅमेरा जमिनीलगत ठेवून जवळून वर पाहत चित्र घेतले, की अर्ध्या मीटरची उडी आकाशाला भिडते. दुरून, लांब पल्ल्याच्या भिंगाने घेतले, की मागचे-पुढचे टप्पे एकमेकांना चिकटतात आणि वाट अडथळ्यांनी खच्चून भरलेली वाटते. दोन्ही चित्रे खरी आहेत, पण कॅमेरा कुठे होता हे सांगितल्याशिवाय दोन्ही अपुरी आहेत.

झाडीतल्या भागाची अडचण निराळी. दाट सावलीत प्रकाश उन्हाच्या कितीतरी पट कमी असतो. तिथे छायाचित्रकार फ्लॅशची मदत घेतात. फ्लॅश हजारांश सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळ लखलखतो, पण झडप त्यापेक्षा जास्त वेळ उघडी असते. म्हणून एका चित्रात दोन चित्रे येतात: लखलखाटाने गोठवलेला स्पष्ट स्वार आणि नैसर्गिक प्रकाशाने उमटलेली त्याची पुसट सावली. फ्लॅश झडप उघडताच पडला, तर पुसट प्रतिमा स्वाराच्या पुढे जाते आणि तो मागे धावतोय असे वाटते. झडप मिटताना पडला, तर ती मागे राहते. एकच स्वार, एकच वेग. फ्लॅशची वेळ बदलली की दिशा उलटी वाटते!

अन्वस्ताचे चित्र

या सर्व प्रकारांत मला सर्वांत आवडतो तो मालिकाचित्राचा प्रकार. एकाच चौकटीत उडी घेणारा स्वार आठ-दहा वेळा दिसतो: चढताना, माथ्यावर, उतरताना. फ्रान्समध्ये मारे यांनी १८८२ पासून एकाच पट्टीवर हालचालीच्या अनेक अवस्था नोंदवण्याचे जे काम केले, त्याचा हा वारसा. मायब्रिज यांची अचूकता आणि रोदँ यांना हवी असलेली सलगता, दोन्ही इथे एकत्र येतात.

वर्गात याचा उपयोग असा. चित्रे ०.१ सेकंदाच्या अंतराने घेतलेली आहेत असे माहीत असेल, तर प्रत्येक स्थितीची उंची पट्टीने मोजा. चाकाच्या व्यासावरून प्रमाण काढा. हल्लीच्या २९ इंची चाकाचा व्यास सुमारे ७४ सेंटिमीटर असतो. लागोपाठच्या उंचींमधले फरक काढा, मग त्या फरकांचे फरक काढा. हे दुसरे फरक ९.८ सेंटिमीटरच्या आसपास सारखे यायला हवेत. कागदावर चाक ३७ मिलिमीटरचे छापले असेल, तर ते सुमारे ५ मिलिमीटर भरतील. गुरुत्व त्वरण साध्या पट्टीने मोजता आले!

यात एक मेख आहे, आणि ती मुलांनीच शोधावी. शिरस्त्राणाची जागा मोजली तर आकडे बिघडतात. हवेत स्वार गुडघे दुमडतो, सायकल वर ओढतो. अन्वस्तावरून जातो तो स्वार आणि सायकल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य. डोके नव्हे, चाकही नव्हे.

याच प्रकारावर माझा एक आक्षेपही आहे. छापताना काही संपादक मधल्या दोन-तीन आकृत्या वगळतात, कारण त्या एकमेकींवर चढून चित्र गचाळ दिसते. चित्र देखणे होते, पण समान वेळेचे अंतर मोडते आणि पुरावा नष्ट होतो. कोणती आकृती वगळली हे सांगितले नसेल, तर असे चित्र मोजमापासाठी निरुपयोगी समजावे.

मग निवड कशी करावी?

शर्यतीच्या छायाचित्रांबद्दल माझा निष्कर्ष असा. गोठवलेले चित्र सर्वांत लोकप्रिय आहे आणि गतीबाबत ते सर्वांत कमी बोलते. वळणावरचे, पॅनिंगचे, स्थिर कॅमेऱ्याचे आणि मालिकेचे चित्र आपापल्या परीने मोजता येते. पाठ्यपुस्तकांत आणि वर्गाच्या भिंतींवर आपण बहुधा पहिला प्रकार लावतो, कारण तो डोळ्यांत भरतो. निदान चित्राखाली झडपेची वेळ, कॅमेऱ्याची जागा आणि चित्र कापले किंवा जोडले असल्यास तसा उल्लेख असावा. प्रयोगवहीत एकक न लिहिता आकडा लिहिला तर आपण गुण कापतो. चित्रालाच ही सवलत का?

हे करून पाहायला स्कॉटलंड किंवा कॅलिफोर्नियाला जावे लागत नाही. शाळेचे मैदान, एक सायकल आणि झडपेची वेळ ठरवता येणारा एखादा कॅमेरा किंवा फोन पुरतो. मैदानावर चुन्याच्या दोन खुणा करून सायकलीचा वेग घड्याळाने मोजा, मग तोच वेग चित्रातल्या खड्याच्या रेघेवरून काढा. दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहा. न जुळल्यास का, हा त्या तासाचा खरा धडा.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे काही दिवसांनी, त्याच पानावर, भिंगाखाली सापडले. मागच्या चाकाभोवती चिखलाचे बारीक थेंब होते. छपाईतले डाग समजून मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले होते. ते कसेही विखुरलेले नव्हते. टायरजवळचे ताजे थेंब रिमच्या स्पर्शिकेच्या दिशेने, फिरत्या चाकातून सुटल्यासारखे ओळीत होते. टांगलेल्या, थांबलेल्या चाकातून असे थेंब सुटणार नाहीत. निदान चाक फिरत होते, एवढे नक्की.

मी पान आणि भिंग घेऊन वर्गात गेलो आणि तिला थेंब दाखवले. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "चाक फिरतंय हे कळलं. पण सायकल पुढे जातेय हे अजून कळलं नाही. टांगून नुसतं चाक फिरवलं असेल तर?"

ते पान आता शिक्षक-खोलीत नाही. नववीच्या वर्गात लावले आहे आणि त्याखाली तिचा प्रश्न लिहून ठेवला आहे.